पिवळे उद्गारचिन्ह

ड्रायव्हर म्हणजे काय, हे वाशीमच्या माणसाला शिकवावे लागत नाही. रिसोडच्या रस्त्याला लागणाऱ्या काळीपिवळीत चौदावे माणूस कोंबल्याशिवाय जो चावी फिरवत नाही, आणि कोंबल्यावर स्वतः अर्धा दाराबाहेर बसून एका हाताने गाडी चालवतो, तो ड्रायव्हर. त्यामुळे पाटणी चौकाकडून आलेल्या मेकॅनिक पोराने आमच्या घरच्या संगणकाकडे पाहून, "काका, मशीनचा ड्रायव्हर गेला ना!" असे जाहीर केले, तेव्हा आतून आईचा घाबरा आवाज आला, "अगंबाई! कधी? आणि लेकरंबाळं किती आहेत?"

संगणकातला ड्रायव्हर वेगळा. मुख्य म्हणजे तो काहीही चालवत नाही. तो दुभाष्या असतो. संगणकाच्या पोटात पडद्यावर चित्र काढणारी एक चिप असते. तिची स्वतःची एक बोली असते. विंडोज नावाची जी व्यवस्था वर बसलेली असते तिची भाषा निराळी. "इथे एक खिडकी उघड, तिला निळी पट्टी लाव," हा विंडोजचा हुकूम चिपला कळेल अशा बोलीत सांगणारा जो मधला माणूस, तो व्हिडिओ ड्रायव्हर. वाणिज्य शाखेच्या पदवीने मला यातले काही शिकवले नव्हते, पण बँकेच्या खिडकीने शिकवले होते. शेतकरी खिडकीशी येऊन विचारतो, "बाबू, माह्या खात्यातले पैसे काऊन कटले?" त्याचे उत्तर वरच्या कार्यालयातून येते ते इंग्रजीत, तीन उपकलमांसह. या दोघांच्या मधे जो बसतो तो मी. मी रजेवर गेलो की शेतकरी ठणठणीत असतो, वरचे कार्यालयही ठणठणीत असते. फक्त एकाचे दुसऱ्याला कळत नाही. आमच्या संगणकाचे नेमके हेच झाले होते. चिप शाबूत, पडदा शाबूत, दुभाष्या बेपत्ता.

त्याचे असे झाले, की जूनमधल्या एका संध्याकाळी वळवाच्या पावसाने वाशीमला झोडपले. वीज गेली, आली, गेली, आली आणि पुन्हा गेली. विजेचा हा लपंडाव संपल्यावर संगणक सुरू केला, तर पडद्यावर सगळे काही भले थोरले झालेले. जिथे तीस चित्रे मावत तिथे दहा मावत होती. बालाजी मंदिराच्या फोटोला कावीळ झाली होती आणि माझ्या मुलाचा बारशाचा फोटो पाहून वाटत होते, की कार्ट्याला त्याच दिवशी गोवर निघाला असावा.

दुभाष्या पळाला तरी पडदा अगदी काळा पडत नाही, याचे श्रेय १९८७ सालाला आहे. त्या साली आयबीएम कंपनीने पीएस/२ नावाच्या यंत्रांबरोबर व्हीजीए नावाची चित्रपद्धती आणली. त्यात आडवी ६४० टिंबे, उभी ४८० आणि रंग फक्त सोळा. पुढे चिपा कितीही शहाण्या झाल्या तरी ही जुनी, मोडकीतोडकी भाषा बहुतेकींनी शिकून ठेवली. परमुलखात गेलेला आपला माणूस जसा 'पानी', 'चाय' आणि 'कितना' या तीन शब्दांवर काशीयात्रा करून येतो, तसा ड्रायव्हर नसलेला संगणक व्हीजीएवर दिवस काढतो. कविता होत नाही, पण उपाशीही मरत नाही.

मेकॅनिकने 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून दाखवला. ही संगणकाची हजेरीवही. तीत प्रत्येक अवयवाचे नाव असते. चित्राच्या चिपपुढे एक पिवळे उद्गारचिन्ह उभे होते. आमचे वडील, म्हणजे अण्णा, आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून ते चिन्ह न्याहाळले आणि मेकॅनिकला विचारले, "बाळ, उद्गारचिन्ह हर्ष, शोक, आश्चर्य आणि तिरस्कार या भावनांसाठी वापरतात. इथे कोणती अभिप्रेत आहे?"

"बिल," मेकॅनिक म्हणाला.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की एवढे जुने धूड घरात ठेवायचेच कशाला? आमचा संगणक २००४ सालचा. अण्णा त्या वर्षी निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकमेव वस्तू. मागे कुबड असलेला पंधरा इंची मॉनिटर, आत विंडोज एक्सपी. या एक्सपीचा सांभाळ तिच्या मायबापांनी ८ एप्रिल २०१४ रोजी अधिकृतपणे सोडला. त्यामुळे आम्ही तिला इंटरनेटच्या वाऱ्यालाही उभी करत नाही. मधल्या काळात तिचा वीजपुरवठ्याचा डबा बदलला, हार्ड डिस्क बदलली, मेमरी बदलली, कीबोर्ड तीनदा बदलला. मूळचे असे फारसे काही उरलेले नाही. पण हे आमच्या घरात कोणाविषयीच बोलू नये.

तिला ठेवायचे कारण अण्णांची वही. वही म्हणजे वऱ्हाडी शब्दांचा कोश. नोकरीच्या काळात अण्णांची खेडोपाडी बदली झाली आणि प्रत्येक गावाहून ते शब्द वेचून आणत गेले. टोमॅटोला भेदरं, गुडघ्याला टोंगळा, शेंगदाण्याला फल्ली, उलथन्याला सराटा, थोडेसे म्हणायचे तर उलसक. हजारो चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत भरलेल्या. निवृत्तीनंतर त्या एकेक करून संगणकात उतरवायला त्यांनी घेतल्या. एका बोटाने. वीस वर्षांत गाडी 'अ'पासून निघून 'भ'पर्यंत आली होती.

हा सगळा मजकूर जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये होता आणि मेख तिथेच होती. मराठी अक्षर पडद्यावर आणणे ही एके काळी केवढी यातायात होती! आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे वाढवलेले 'जिस्ट' तंत्र हे त्यावरचे उत्तर. त्यासाठी संगणकाच्या पोटात वेगळे कार्डच बसवावे लागे. म्हणजे मराठीसाठी खास दुभाष्या. १९९१ साली भारतीय लिप्यांचे 'इस्की' हे प्रमाणही ठरले. पण घरोघरचे फाँट आपापल्या तऱ्हेने चालले. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रे बिऱ्हाडकरू म्हणून ठेवायची, असा तो प्रकार. फाँट असेल तोवर भेदरं दिसते, फाँट नसलेल्या यंत्रावर त्याच फायलीत घरमालक बाहेर येतात आणि नुसती रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरच्या खुणा दिसतात. आता युनिकोड आहे, जुने नव्यात उतरवणारे प्रोग्रामही आहेत. पण ते वेलांटी एका शब्दाची दुसऱ्याला देतात आणि रफार वाटेत सांडतात. वेलांटीसाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे कान पिळले, त्या अण्णांचे म्हणणे असे, की रूपांतर करा, पण प्रत्येक शब्द मी मूळ यंत्रावर ताडून पाहीन. तेव्हा यंत्र जगणे भाग होते.

बिघाड झाला हे कळताच सल्लागार जमले. पहिला आमच्या बँकेचा शिपाई. त्याच्या मते संगणकाचा कुठलाही आजार मेमरी बाहेर काढून तिचे पितळी दात खोडरबराने घासले की बरा होतो. या उपचारात तथ्य आहे. त्या पट्टीवरचा मळ निघाला की पुष्कळदा बंद पडलेली यंत्रे खरोखर उठतात. पण हरवलेला दुभाष्या खोडरबराने परत येत नाही. त्याने तरीही घासले. जाताना खोडरबर आमचाच घेऊन गेला.

दुसरा माझा भाचा. तो पुण्याला संगणकातच असतो, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस फोनवर सापडत नाही. सातव्या दिवशी तो म्हणाला, "मामा, ड्रायव्हर रोल बॅक करा." एक्सपीत ही सोय आहे. नवा ड्रायव्हर बिघडला तर बटण दाबून आधीच्याकडे परत जाता येते. आम्ही बटण दाबले. यंत्राने कळवले, की आधीचा असा कोणी नाहीच. २००४ पासून एकच निभावून नेत होता. एवढी एकनिष्ठ सेवा आणि जाताना निरोपसमारंभही नाही, याचे मला एक नोकरदार म्हणून वाईट वाटले.

तिसरा सल्ला शेजाऱ्यांपासून मेकॅनिकपर्यंत सर्वांचा एकमुखी होता. फॉरमॅट मारा. संगणकाच्या दुनियेत फॉरमॅट हा उपाय वैद्यकातल्या एरंडेलासारखा आहे. रोग कोणताही असो, पोट साफ. "टेन्शन कायले घेता काका? फॉरमॅट मारतो, घंटाभरात नवी कोरी!" असे म्हणत मेकॅनिकने पिशवीतून सीडी काढलीसुद्धा.

अण्णांनी शांतपणे उठून संगणकाच्या डब्यावर हात ठेवला. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बाळ," ते म्हणाले, "या आपल्या वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांची एक राजधानी. इथल्या सर्वसेन राजानं चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. मोठमोठ्या पंडितांनी त्याचे दाखले दिले. आज त्यातलं काय उरलंय माहीत आहे? त्या पंडितांनी आपापल्या ग्रंथांत उतरून घेतलेल्या काही ओळी. काव्य गेलं. आणि तेव्हा फॉरमॅट मारणारं कोणी नव्हतं."

मेकॅनिकने सीडी पिशवीत ठेवली. मग मी सांगितले, की आधी कोशाच्या सगळ्या फायली दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवायच्या, फाँटही उतरवायचा, एक पेन ड्राइव्ह घरात आणि एक लॉकरमध्ये, पुढचे पुढे. बँकेच्या माणसाला प्रतीवर प्रत ठेवण्याची सवय असते. तिची घरात नेहमी टिंगल होते. त्या दिवशी झाली नाही.

आता खरा ड्रायव्हर शोधायचा. त्यासाठी चिपचे नाव-गाव लागते. ते हजेरीवहीतच मिळते. प्रत्येक चिपला दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक मालाचा, जसा आपल्या बँकशाखेचा आयएफएससी. ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एटीआय. यातला ८०८६ हा इंटेलच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. आमचा क्रमांक कोणता ते सांगत नाही. खातेदाराची गोपनीयता. एवढेच सांगतो, की त्या क्रमांकावर उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर चौकशी केली, तेव्हा उत्तर आले, की हे उत्पादन आता सेवेत नाही, आपण नवीन घ्यावे. हीच भाषा आम्ही खिडकीवर वापरतो, त्यामुळे रागावण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या संकेतस्थळांवर ड्रायव्हर फुकट मिळतो, असे मुलाने आपल्या लॅपटॉपवर दाखवले. एका पानावर चार हिरवी बटणे होती आणि चारींवर 'डाउनलोड' लिहिले होते. खरे एकच. बाकीची तीन दाबली तर ड्रायव्हरऐवजी दरोडेखोर घरात येतो. भाचा म्हणाला, लिनक्स टाका. मग तोच म्हणाला, की लिनक्सनेही २०२३ साली आपल्या ६.३ या आवृत्तीतून कित्येक जुन्या चित्रचिपांचे ड्रायव्हर काढून टाकले. एकूण काय, पेन्शनीत गेलेल्यांना विचारणारे कोणी नाही, हा नियम सार्वत्रिक आहे.

"अहो काका," मेकॅनिक म्हणाला, "मशीनसंगं एक सीडी आली असन ना? मदरबोर्डची?"

सीडी आली होती. घरभर शोध झाला. माळा, कपाटे, बुटांची खोकी. शेवटी आईने विचारले, "चकचकीत, मधे भोक असलेली का रे?"

"हो!"

"ती पेरूला आहे."

परसातल्या पेरूच्या झाडाला चार सीड्या टांगल्या होत्या. उन्हात चमकल्या की पोपट येत नाहीत, हा शोध आईचा. भजनांची एक, कोणाच्या तरी लग्नाची एक, एक कोरी आणि चौथी आमच्या चिपचा दुभाष्या. वारा, ऊन आणि पोपटांचा राग सोसून तो चार पावसाळे त्या फांदीवर फिरत होता.

सीडी उतरवली. साबणाने धुतली. ओरखड्यांवर मेकॅनिकने पांढरी टूथपेस्ट लावून, आतून बाहेर अशा सरळ रेषेत मऊ कापडाने पुसली. गोल पुसायचे नाही, हे तो दोनदा बजावून म्हणाला. तिसऱ्या प्रयत्नाला यंत्राने ती वाचली. आधी मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर टाकायचा आणि मगच चित्राचा, असा क्रम असतो. आधी सोयरीक, मग वरात. यंत्र बंद होऊन पुन्हा उठले आणि काय सांगावे! पडदा १०२४ बाय ७६८. रंग सोळाचे एक कोटी सदुसष्ट लाख. बालाजी मंदिराची कावीळ उतरली, मुलाचा गोवर गेला, पिवळे उद्गारचिन्ह मावळले. सौ.ने सर्वांना चहा दिला. मेकॅनिकने बिल दिले. उद्गारचिन्हातली भावना तेव्हा कळली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. संगणकाच्या बाकी सगळ्या गोष्टी इथेच संपतात.

पण चारेक दिवसांनी माझ्या लक्षात आले, की अण्णा संगणकापाशी बसत नाहीत. बिघाडाच्या त्या अकरा दिवसांत मात्र त्यांनी कमाल केली होती. सल्लागारांची ये-जा चालू असताना ते रोज पहाटे सोळा रंगांपुढे बसून 'भ'च्या चिठ्ठ्या उपसत. यंत्र कधीही जाईल या धास्तीने ते घाई करत आहेत, असा घरातल्यांचा समज. आता यंत्र ठणठणीत, आणि अण्णा ओसरीवर वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर बोट ठेवून बसलेले. नुसत्या मथळ्यांवर.

अण्णांची शिकवण्याची एक पद्धत होती. फळ्यावर पहिली ओळ लिहिली की खडू खाली ठेवायचा आणि शेवटपर्यंत चालत जाऊन विचारायचे, "मागच्या बाकावरून दिसतं का रे?" एकाने जरी मान हलवली, तर पुसून पुन्हा मोठ्या अक्षरात. अर्धा वाशीम तालुका त्या अक्षरावर वाढला.

मी ओसरीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारले, "अण्णा, मागच्या बाकावरून फळा दिसतो का?"

ते आधी हसले. मग वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. पुष्कळ वेळ.

"नाही रे," ते म्हणाले. "एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तो बरा आहे. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. गेली दोन वर्षं मी अंदाजानंच टाइप करतोय. ते बिघडलं ना, तेव्हा पहिल्यांदा वेलांटी स्पष्ट दिसली. ऱ्हस्व की दीर्घ, लगेच कळायचं. म्हटलं, देवानंच केलं. पण तुम्ही एवढी माणसं झटत होतात. आई पेरूवर चढायला निघाली होती. दुरुस्त करू नका, असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

वाणिज्य शाखेच्या माणसाने यावर आकडेमोड केली नाही तर तो कसला. काच तीच, पंधरा इंची. तिच्यावर आडव्या ६४० टिंबांच्या जागी १०२४ बसवली, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या रुंदीत साडेसदतीस टक्के कपात झाली. एवढी कपात कोणत्याही वेतनकरारात झाली असती, तर आमच्या संघटनेने देश बंद पाडला असता. अण्णांनी ब्रसुद्धा काढला नव्हता.

मी त्या रात्री संगणकासमोर बसलो. एक्सपीत पडद्याचा आकार ठरवणारी एक सरकपट्टी असते. ती ८०० बाय ६००च्या खाली येत नाही. ६४० ही गरिबी आपण मागे टाकली, असा तिचा समज असावा. पण त्याच खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबून 'ॲडॅप्टर'मध्ये गेले, की खाली 'लिस्ट ऑल मोड्स' असे एक बटण असते. ते दाबले, की चिपला जमणारे सगळे आकार निमूटपणे रांगेत उभे राहतात. त्यात सर्वांत वर ६४० बाय ४८०. मेकॅनिकचे श्रमही वाया गेले नव्हते. दुभाष्या नसताना पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवला जात होता, त्यामुळे जुन्या कुबडाच्या मॉनिटरवर अक्षर सतत थरथरते आणि डोळे शिणतात. आता दुभाष्या हजर असल्याने तोच आकार सेकंदाला पंच्याऐंशी वेळा मिळत होता. अक्षर बिघाडाएवढे मोठे आणि दुरुस्तीएवढे स्थिर.

सकाळी अण्णा येऊन खुर्चीवर बसले. खुर्ची त्यांनी थोडी मागे सरकवली. पडद्यावर कोशातला शेवटचा शब्द होता, 'भेदरं'. खऱ्या भेदराएवढा.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक येऊन पाहून गेला आणि दुखावला. "काका, लोक मोठं रिझोल्युशन मांगतात. तुम्ही तं उलटेच!" मी त्याला समजावले, की दुभाष्याचे काम दोन्ही टोकांना कळेल असे बोलण्याचे. चिपचे टोक त्याने सांभाळले, डोळ्यांचे टोक आम्ही. त्याला ते फारसे पटले नाही. पण 'मांगतात' हा शब्द अण्णांनी ताबडतोब चिठ्ठीवर उतरून घेतला, कारण आता ते 'म'वर आले आहेत.

सीडी आता आमच्या लॉकरमध्ये आहे, मुदत ठेवींच्या पावत्यांच्या वर. पेरू मात्र यंदा सगळे पोपटांनी खाल्ले.